सोलापुरात थंडी लागताना गच्चीवरच्या कुंड्यांचं काय करावं?

तुम्ही विचारलंय की दिवाळी झाल्यापासून जास्वंदीची पानं पिवळी पडतायत, गुलाब छाटायचा का, आणि थंडीत झाडं झाकावी लागतील का. शेवटचं आधी सांगतो: झाकू नका. आपल्याकडची थंडी म्हणजे पहाटे १५ अंशांच्या आसपास आणि दुपारी परत ३०. चादरी गावात ढिगानं मिळतात, पण झाडांना त्यांची गरज नाही.

इथं या दिवसांत झाडं जातात ती पाण्यानं. ऑक्टोबरच्या उन्हात रोज पाणी घालायची हाताला सवय लागलेली असते, ती नोव्हेंबरातही सुटत नाही. त्यात कुंडीत निव्वळ काळी माती असेल तर वर भेगा आणि खाली चिखल. म्हणून बोट दोन पेरं आत घालून बघा. आत ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही. घालायचं ते सकाळी. हवा कोरडी असते, त्यामुळे वरची माती लवकर सुकते आणि आपण फसतो. मी वर उसाचं पाचट पसरतो. आपल्या जिल्ह्यात ते मागितलं की कुणीही देतं.

आता जास्वंद. एक पान तोडून उजेडात धरा. खालची जुनी पानं सरसकट पिवळी होऊन गळत असतील आणि माती ओली असेल, तर पाणी जास्त झालंय. पण शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, जाळी काढल्यासारख्या दिसत असतील, तर लोह कमी पडतंय. मातीत लोह असतं, पण आपली माती चुनखडीची आणि बोअरचं पाणी जड, त्यात ते मुळांना घेता येत नाही. मी स्वतः वर्षभर अशा झाडाला शेणखतावर शेणखत घालत बसलो होतो. कुंडीच्या काठावर क्षारांचा पांढरा थर साचला होता, तो रोज दिसायचा, पण डोक्यात प्रकाश पडायला वेळ लागला. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. त्या दिवशी दोन बादल्या बाजूला ठेवतो आणि महिन्यातून एकदा कुंडीच्या तळातून भरपूर वाहून जाईपर्यंत तेच पाणी ओततो, क्षार धुऊन निघतात. शिवाय लिटरभर पाण्यात २ ग्रॅम फेरस सल्फेट आणि लिंबाचे चार थेंब, ऊन उतरल्यावर पानांवर फवारा. पंधरा दिवसांनी परत एकदा. पिवळी झालेली पानं तशीच राहिली तरी घाबरू नका, नवी पानं कशी येतात ते बघा.

गुलाब अजून छाटला नसेल तर या आठवड्यात उरका. वाळक्या, बारीक काड्या काढा, बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या, म्हणजे जिथून नवी फूट येते त्या जागेच्या, वर तिरका काप द्या. कलमाच्या जोडाखालून फुटलेला फुटवा निर्दयपणे तोडा, तो जंगली असतो. साधारण दीड-दोन महिन्यांत फुलं येतात. गार रात्री पानांवर पांढरी भुकटी दिसली तर ती भुरी, म्हणजे बुरशी. पानं भिजवू नका, हवा खेळू द्या.

मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, आला तर लिटरला ५ मिली निंबोळी तेल आणि थोडा साबण, एवढं पुरतं. मेथी-कोथिंबीर आत्ताच पेरा. धने रगडून दोन भाग करून टाका, अख्खे टाकू नका. तुळशीचं लग्न झालं की मंजिऱ्या खुडून घ्या.

शेवंतीचं मात्र नीट ऐका. तिला कळ्या धरायला रात्र लांब आणि अंधारी लागते. आमच्या दोन कुंड्या सारख्याच रोपांच्या, एक जिन्यातल्या ट्यूबलाइटखाली, दुसरी टाकीच्या आड. आडोशाची फुलून गेली, दिव्याखालची नुसती पानंच काढत बसली. तुमच्या गच्चीवर रात्रभर दिवा जळत असेल तर कुंडी आजच हलवा.

आणि मोगरा सुस्त दिसतोय म्हणून खत-पाणी ओतू नका. या दिवसांत तो झोपतो. पाणी कमी ठेवा. संक्रांतीला सिद्धेश्वरांचा गड्डा, म्हणजे सोलापूरची यात्रा, भरतो, त्या सुमाराला कात्री लावा आणि खत द्या.