उत्तर: पूरनियंत्रणाच्या बैठकीत मांडलं ते अहवालात नाही, जागतिक बँकेपर्यंत थेट कसं पोचायचं?

तुमची पोस्ट वाचली. पलूस तालुक्यातला नदीकाठचा गट, जागतिक बँकेच्या कर्जातल्या पूरनियंत्रण कार्यक्रमाची बैठक, पुलाच्या भरावामुळे पाण्याला फुगवटा येतो हे तुम्ही पोटतिडकीने मांडलंत, आणि अहवालात मात्र ‘उपस्थितांनी कार्यक्रमाचे स्वागत केले’ एवढंच. हे दुखणं फार ओळखीचं आहे, म्हणून सविस्तर लिहितोय. नोंदणी, ठराव, लेटरहेड तुमच्याकडे असणारच, त्यात शिरत नाही.

आमच्यासारख्या गटांचं सगळ्यात जास्त नुकसान जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका अंमलबजावणी कक्षाने केलं. नाव घेत नाही. बँकेला कर्ज देण्याआधी लोकांशी सल्लामसलत झाल्याची नोंद लागते: तारीख, ठिकाण, कोण आले, कोणते मुद्दे निघाले, त्यावर काय ठरलं. पहिल्या तीन गोष्टींचा पुरावा म्हणून हजेरीपत्रक जोडलं जातं. शेवटच्या दोन कक्षातला माणूस टेबलावर बसून लिहितो. ते हजेरीपत्रक एकदा नीट बघा: अ.क्र., नाव, गाव, मोबाईल, सही. वरची ‘विषय’ आणि ‘दिनांक’ची ओळ कोरी. कोऱ्या मथळ्याखालच्या सह्या प्रशिक्षणालाही जोडता येतात आणि सल्लामसलतीलाही. म्हणून सही करण्याआधी मथळा स्वतःच्या हाताने भरा, सहीशेजारी ‘लेखी निवेदन दिले’ लिहा आणि पानाचा फोटो काढा. कुणी हरकत घेतली तर तीसुद्धा निवेदनात लिहा.

निवेदन दोन प्रतींत, एकाच पानाचं. तुमच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय उठू नका. ‘आमच्याकडे फार पाणी येतं’ याला कुणी उत्तर देत नाही. सांगलीतल्या कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45 फूट, हे सगळ्या खात्यांना पाठ असतं, तर त्याच भाषेत लिहा: आयर्विनला 45 फूट असताना आपल्या गावात कोणत्या गट नंबरापर्यंत पाणी येतं, भरावाच्या वरच्या आणि खालच्या अंगाला पातळीत किती फरक पडतो, 2019 आणि 2021 च्या पुराच्या खुणा कोणत्या भिंतींवर आहेत. शेवटी एकच मागणी: हा मुद्दा आणि त्यावरचा निर्णय इतिवृत्तात घ्यावा व प्रत द्यावी. प्रत आली नाही तर माहिती अधिकार. 10 रुपयांचा अर्ज, 30 दिवसांची मुदत. तिथे ‘का घेतलं नाही’ असं विचारू नका, कारणं मिळत नाहीत. इतिवृत्त, हजेरीपत्रक आणि बँकेला पाठवलेला सल्लामसलत अहवाल यांच्या प्रती मागा. तिन्ही शेजारी ठेवले की सगळं उघडं पडतं.

आता बँकेकडे. तिच्या संकेतस्थळावर प्रत्येक प्रकल्पाचं पान असतं, क्रमांक ‘पी’ आणि पुढे सहा आकडे. त्यावर टास्क टीम लीडरचं, म्हणजे बँकेतर्फे तो प्रकल्प सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव मिळतं. पत्र त्या व्यक्तीला आणि प्रत दिल्ली कार्यालयाला. पण आधी कर्जाचा प्रकार बघा, इथेच भलेभले अडकतात. गुंतवणूक प्रकल्प असेल तर ऑक्टोबर 2018 पासूनची पर्यावरण व सामाजिक चौकट लागू होते आणि तिचं दहावं मानक लोकसहभागाबद्दल आहे. ‘प्रोग्राम फॉर रिझल्ट्स’, म्हणजे ठरलेले परिणाम दिसल्यावर पैसे सुटणारं कर्ज असेल तर ती चौकट लागू नाही. तिथे राज्याच्या स्वतःच्या व्यवस्थांचं पर्यावरण व सामाजिक मूल्यमापन होतं आणि त्यातून कृती आराखडा निघतो. अशा कर्जाच्या पत्रात दहाव्या मानकाचा दाखला दिलात तर ‘लागू नाही’ एवढ्या एका ओळीत विषय संपवायला त्यांना आयती सोय होते. मूल्यमापनाचा अहवाल उतरवून घ्या, त्यातलं सल्लामसलतीचं परिशिष्ट काढा, आणि कोणत्या पानावर तुमचं काय गाळलंय तेवढंच लिहा.

तक्रारीच्या पायऱ्या ओलांडू नका, असं माझं ठाम मत आहे. आधी प्रकल्पाचा स्थानिक तक्रार कक्ष, मग टीम लीडर, मग बँकेची तक्रार निवारण सेवा, आणि शेवटी 1993 साली नर्मदेच्या वादानंतर स्थापन झालेलं इन्स्पेक्शन पॅनल, म्हणजे बँकेची स्वतंत्र चौकशी समिती. पॅनलकडे दोन किंवा जास्त बाधित माणसं जाऊ शकतात, मराठीत लिहिलेलं चालतं, नावं गुप्त ठेवायची विनंती करता येते. पण नुकसान बँकेने स्वतःचं धोरण न पाळल्यामुळे झालं, आणि बँकेला आधी कळवूनही काही झालं नाही, हे दाखवावं लागतं. म्हणून पोच जपायची. याने काही होत नाही म्हणणाऱ्यांना मुंबईचं उदाहरण द्या: नागरी वाहतूक प्रकल्पातल्या पुनर्वसनाबद्दल 2004 मध्ये दुकानदार आणि रहिवासी पॅनलकडे गेले, आणि मार्च 2006 मध्ये बँकेने रस्ते व पुनर्वसनाच्या भागाचे पैसे काही महिने रोखले.

पैसा कुणाचा हेही तपासा. आशियाई विकास बँकेचा असेल, जसा राज्याच्या मॅग्नेट या कृषी-व्यवसाय प्रकल्पाचा आहे, तर तिची उत्तरदायित्व यंत्रणा वेगळी. आयएफसीने, म्हणजे जागतिक बँक गटातल्या खासगी क्षेत्राला पैसा देणाऱ्या संस्थेने, खासगी कंपनीला दिलेला असेल तर तक्रार सीएओ या तिच्या स्वतंत्र तक्रार कार्यालयाकडे.

जागतिक बँक आणि नाणेनिधीच्या वसंतकालीन आणि वार्षिक बैठकांबरोबर भरणाऱ्या नागरी समाज मंचाचं तुम्ही विचारलंय. तिथे धोरणाची चर्चा होते, एका भरावाचा निकाल लागत नाही. देशपातळीवरच्या एखाद्या आघाडीमार्फत मुद्दा पोचवा, स्वतः जाण्यात पैसे घालू नका. नाणेनिधीचा तुमच्या विषयाशी संबंध नाही. जागतिक व्यापार संघटनेकडे तर तक्रार सरकारंच करतात. संस्थांसाठी जिनिव्हातला पब्लिक फोरम आहे, तो बेदाणा किंवा हळद निर्यातीवर काम करणाऱ्यांनी बघावा.

मी वकील नाही आणि प्रत्येक कर्जकरार वेगळा असतो, एवढं धरून चाला. निधीबद्दल मात्र सांभाळा: एफसीआरए या विदेशी देणग्यांच्या कायद्यात जागतिक बँक आणि नाणेनिधी ‘विदेशी स्रोत’ धरलेले नाहीत. पण अशाच कार्यक्रमाचा प्रवासखर्च एखाद्या परदेशी खासगी संस्थेने तुमच्या संस्थेच्या खात्यात टाकला, तर तो विदेशी निधीच. त्याला नोंदणी आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतलं खातं लागतं. सीएला दाखवल्याशिवाय खाते क्रमांक कुणाला देऊ नका.