४११०३० या संख्येत गणिताच्या दृष्टीने काही खास आहे का?

पुण्याच्या सदाशिव पेठेचा पिनकोड म्हटल्यावर खास असणारच! अंकांची बेरीज ९, आणि ९ ने भागलं की बाकी न उरता ४५६७० येतात. अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जाणारी ती 'हर्षद संख्या'. हे नाव गणितज्ञ द. रा. कापरेकरांनी दिलेलं, तेही पुण्याच्याच फर्ग्युसन कॉलेजचे विद्यार्थी.

मूळ अवयव पाडले तर २ × ३ × ३ × ५ × ४५६७. ओळीने आलेले अंक बघून ४५६७ फोडायचा मोह होईल, पण ती मूळ संख्या आहे. पटत नसेल तर ६७ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून बघा; पुढे जायची गरज नाही, ६८ चा वर्गच ४६२४ होतो. एकूण विभाजक २४. दोन वर्गांची बेरीज म्हणून मात्र ही मांडता येत नाही: ४५६७ हा अवयव एकदाच येतो आणि त्याला ४ ने भागल्यावर बाकी ३ उरते; असा मूळ अवयव विषम वेळा आला की ते जमत नाही.