हातोहात फिरणारी रहस्यकथा

प्रश्न : आम्ही आठ जण एकच ऐतिहासिक गुप्तहेर कादंबरी आळीपाळीने वाचतोय. तिसऱ्याच वाचकाकडे एक पान सुटलं, शिवाय कुणीतरी संशयिताच्या नावाखाली पेनाने रेघ मारली आहे. काय करावं?

उत्तर : सेलोटेप मुळीच नको, कालांतराने तिचा चिकट थर पिवळा पडून कागदात उतरतो. पानाच्या आतल्या कडेला जेमतेम २ मिलिमीटर पांढरा गोंद लावून ते बांधणीत नीट बसवा, दोन्ही बाजूंना मेणकागद ठेवा आणि पुस्तक रात्रभर वजनाखाली दाबा. गोंद जास्त झाला की शेजारची पानंही चिकटतात.

रेघ खोडू नका, कागद फाटेल. यापुढे टिपणं सुट्या कागदावर. पात्रांची नावं, हुद्दे, नाती यांची यादी मात्र पुस्तकासोबत जरूर फिरवा, कारण जुन्या हुद्द्यांतच वाचक अडखळतो. त्या यादीत कुणाचा मृत्यू नोंदवू नका!