टापटीप, काटेकोरपणा आणि अडून राहिलेली कामे

“यांना मंत्रचळ तर नाही ना?” ही आपल्या यजमानांबद्दलची शंका घेऊन पन्नाशीतल्या एक बाई माझ्याकडे एकट्याच आल्या होत्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) त्यांचे यजमान हिशेबनीस. दुसऱ्याने घातलेल्या कपड्यांच्या घड्या मोडून ते पुन्हा घालत, जुनी बिले टाकू देत नसत आणि रविवारीही कार्यालयाच्या फायली घेऊन बसत. मुलीच्या लग्नपत्रिकेचा मसुदा नावांचा क्रम, ‘श्री.’ आणि ‘सौ.’, ओळींमधले अंतर यांवरून त्यांनी इतक्यांदा बदलला की छपाईची मुदत टळली आणि अखेर मुलीने व्हॉट्सअ‍ॅपवरूनच आमंत्रणे धाडली. ते काम दुसऱ्याकडे देणे त्यांना मान्य नव्हते आणि त्यांच्या हातूनही ते पुरे होत नव्हते.

मंत्रचळात (ओसीडी) नकोसे विचार मनात घुसतात, आणि पुन्हा पुन्हा हात धुणे किंवा कुलूप तपासणे अतिरेकी आहे हे बहुतेकदा त्या व्यक्तीलाच कळून त्याचा जाच होतो. ऑब्सेसिव्ह-कम्पल्सिव्ह व्यक्तिमत्त्वविकारात, म्हणजे काटेकोरपणाचा अतिरेक हा स्वभावच बनतो त्या विकारात, मात्र आपलीच पद्धत बरोबर आणि बाकीचे निष्काळजी, अशी खात्री असते. म्हणूनच तक्रार घेऊन आधी घरची माणसे येतात. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेत याची ८ लक्षणे दिली असून निदानासाठी त्यांपैकी किमान ४ असावी लागतात. नुसती टापटीप म्हणजे आजार नव्हे. नियम पाळण्याच्या नादात कामाचा हेतूच हरवतो का आणि नाती दुरावतात का, हे मी आवर्जून विचारते.

“लग्न झाले तेव्हा ते कसे होते?” या प्रश्नावर बाई म्हणाल्या, “असेच.” हे उत्तर महत्त्वाचे होते, कारण हा स्वभाव तारुण्याच्या सुरुवातीपासून दिसतो, उतारवयात असा बदल अचानक झाला, तर आधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी.

‘तुम्ही आजारी आहात’ असे न म्हणता, ‘रोजच्या भांडणांनी मी थकले आहे, माझ्यासाठी चला’ असे बाईंनी सांगितल्यावर यजमान आले. मनोविकारतज्ज्ञांनी निदान पक्के केल्यावर आम्ही विचार आणि वर्तन यांवर काम सुरू केले. औषधे प्रामुख्याने सोबतच्या चिंतेसाठी किंवा नैराश्यासाठी दिली जातात. वीजबिल भरण्याचे काम यजमानांनी प्रथमच मुलाकडे सोपवले. पावती तपासायची नाही, हे ठरले होते. त्यांनी ती तपासली नाही, पण रात्रभर झोप लागली नाही, असे त्यांनी आपणहून सांगितले. पुढची सत्रे आम्ही त्याच बेचैनीवर घेतली.