मूर्ती नको, सोऱ्या पाठवा

प्रश्न : आम्ही तीन वर्षांपासून फिनलंडमध्ये, एस्पोला राहतो. लेक दुसरीत आहे. शाळेत सुईदोरा नाहीतर लाकूडकाम, शिवाय दर तासानंतर अंगणात खेळ. पुण्यातली तिची आतेबहीण पंधरापर्यंत पाढे घडाघडा म्हणते. आता बाईंनी घरातली एखादी जुनी वस्तू आणायला सांगितली आहे. गणपतीची मूर्ती पाठवू का? आणि घरी वेगळा अभ्यास सुरू करावा का?

उत्तर : मूर्ती देव्हाऱ्यातच असू द्या. ती पाठवलीत तर तुम्हीच ‘नीट धर, कुणाला हात लावू देऊ नकोस’ असं दहादा बजावाल, आणि लेक पाठ केलेली पाच वाक्यं म्हणून खाली बसेल. त्यापेक्षा सासूबाईंनी दिलेला पितळी सोऱ्या असेल तर तो पाठवा. काय आहे ते आधी सांगायचं नाही. मुलांना उघडू दे, फिरवू दे, काय असेल ते ओळखू दे. मग मऊ मळलेलं पीठ घालून दांडा फिरवायचा. गोल फिरवलेला हात पिठाला सरळ खाली कसा ढकलतो, हे आठ वर्षांच्या पोराला एका फेऱ्यात कळतं. चकती बदलली की चकलीची शेव होते. (वर्गात ग्लुटेन न चालणारं मूल असू शकतं, तेव्हा बाईंना आधी विचारा; तांदळाची उकड उत्तम.)

आदल्या रात्री लेकीकडून घरीच एक घाणा काढून घ्या. सोऱ्या, दट्ट्या, चकती, मोहन, काटा येणं – हे शब्द पुस्तकातून शिकवायला गेलात तर कंटाळेल. हाताला तेल लागलं की आपोआप बोलेल.

सुईदोऱ्याचं म्हणाल, तर फिनलंडमध्ये तो वेळ घालवायचा उद्योग नाही. शिक्षणतज्ज्ञ उनो सिग्नेयस यांच्या आग्रहामुळे 1866 मध्येच तिथल्या तेव्हाच्या लोकशाळांत हस्तकला सक्तीची झाली, आणि आजच्या शाळांतही ती सक्तीचीच आहे. मूल पहिलीत जातं तेच सातव्या वर्षी. आणि आपल्यालाही हे परकं नाही. ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. तिथे आणि पुढे कोसबाडला त्यांनी आणि अनुताई वाघांनी बिया, पानं, शिंपले, खडे हेच शिक्षणाचं साहित्य केलं. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी तर शाळाच कुरणात नेली. आपण मात्र ‘शाळेत काय लिहून दिलं?’ एवढंच विचारतो.

वेगळा अभ्यास कशाला? गुणाकार तिथेही दुसरीतच येतो. आजीला व्हिडिओ कॉल लावा आणि ताटात चकल्यांच्या सहा-सहाच्या चार ओळी मांडा. ‘सहा चोक चोवीस’ आजीच म्हणून घेईल. आतेबहिणीशी शर्यत लावू नका, ती दोघींनाही जड जाते.

आणि चकत्या मोजून पाठवा, मोजून परत घ्या. चांदणीची हरवली तर दिवाळीपर्यंत एस्पोत दुसरी मिळायची नाही.