शालूतल्या नवरीचा फोटो आणि कोकणकडा

तुमची दुखणी दोन आहेत. तुम्ही लग्नात काढलेला नवरीचा शालूतला फोटो साडीच्या दुकानाने फ्लेक्सवर लावला. फोटो नवरीच्या भावाने दिला म्हणे. आणि तुमचा हरिश्चंद्रगडावरच्या कोकणकड्याचा फोटो एका ट्रेकवाल्याने कोपऱ्यातलं नाव कापून स्वतःच्या इन्स्टाग्रामवर टाकला. दोघांनाही एकच नोटीस धाडायला निघालाय तुम्ही. जरा थांबा. पहिल्या प्रकरणात तुमची बाजू लंगडी आहे, दुसऱ्यात भक्कम.

मी वकील नाही, पण पंचवीस वर्षं लग्नाच्या ऑर्डरी करतोय आणि हे कलम मलाही फार उशिरा कळलं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात फोटो ज्याने काढला तो त्याचा कर्ता. इथवर सगळ्यांना ठाऊक असतं. पण कर्ता वेगळा आणि मालक वेगळा असू शकतो. कलम १७ सांगतं की कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन फोटो काढला असेल, तर उलट करार नसल्यास पहिला मालक तो काढायला सांगणारा. म्हणजे नवरीच्या वडिलांनी ऑर्डर दिली, ॲडव्हान्स दिला, तुम्ही फोनवर 'हो काका' म्हणालात, की त्या फोटोंचा कॉपीराइट काकांचा. कॅमेरा तुमचा, लेन्स तुमची, रात्र रात्र जागून केलेलं एडिटिंग तुमचं, तरीही. आता भावाने वडिलांना विचारलं होतं का, हा त्यांच्या घरचा प्रश्न. तुम्ही दुकानाला दोन लाख मागितलेत आणि हक्कच तुमचा नाही असं निघालं, तर बिनबुडाची धमकी दिली म्हणून कलम ६० खाली तेच तुम्हाला कोर्टात खेचू शकतात.

कर्ता म्हणून तुमच्याकडे उरतं ते कलम ५७. हा फोटो मी काढला असं सांगण्याचा हक्क मालकी दुसऱ्याची असली तरी जात नाही. तेव्हा दुकानात जा, चहा प्या आणि फ्लेक्सवर नाव टाकायला सांगा. माझ्या मते यातून एवढंच पदरात पडेल. कदाचित पुढची ऑर्डरही.

पुढच्या वेळी कोटेशनवर दोन ओळी छापा: 'या शूटमधील छायाचित्रांचा कॉपीराइट छायाचित्रकाराकडे राहील. ग्राहकास ती घरगुती वापरासाठी व समाजमाध्यमांवर वापरता येतील. जाहिरातीसाठी लेखी परवानगी लागेल.' ॲडव्हान्स घेतानाच खाली सही घ्या. अल्बम देताना घेतलेल्या सहीवरून वाद होतात. आणि हो, ती सही नसताना आपणही नवरा-नवरीचे फोटो बिनदिक्कत आपल्या पानावर टाकत असतो. त्यासाठीही खरं तर ऑर्डर देणाऱ्याचीच परवानगी हवी.

आता कोकणकडा. तिथे तुम्हाला कुणी पैसे देऊन पाठवलं नव्हतं. तुम्ही हौसेने चढलात, तुम्ही क्लिक केलंत, त्या क्षणी कॉपीराइट तुमचा. नोंदणी सक्तीची नाही. केलीत तर पुरावा म्हणून उपयोगी पडते, कलाकृतीसाठी फी ५०० रुपये. मुदत तुमची हयात आणि पुढे ६० वर्षं. (२०१२ च्या दुरुस्तीपूर्वी फोटोंना प्रकाशनापासून ६० वर्षंच मिळायची.) 'गूगलवर मिळाला' ही परवानगी नव्हे. 'फोटो साभार' लिहिलं तरी नव्हे. तुम्ही इन्स्टाग्रामवर टाकलात तेव्हा परवानगी इन्स्टाग्रामला दिलीत, ट्रेकवाल्याला नाही. शिवाय मालकाचं नाव मुद्दाम काढून टाकणं हा कलम ६५ब खाली वेगळा गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. मात्र उद्या त्याने स्वतः तिथे जाऊन त्याच जागेवरून, तसाच ढगांचा फोटो काढला तर तक्रार चालणार नाही. हरिहर गडाच्या पायऱ्यांचा तो एकच अँगल आपण सगळ्यांनीच काढलाय.

आधी पोस्टचा स्क्रीनशॉट घ्या, तारीख आणि लिंक दिसेल असा. मग त्याला साधा मेसेज: फोटो हटवा किंवा वापराचे इतके पैसे द्या. ऐकलं नाही तर इन्स्टाग्रामकडे कॉपीराइटची लेखी तक्रार. आपल्या २०१३ च्या नियमांनुसार तक्रार रीतसर असेल तर ३६ तासांत मजकूर रोखायचा असतो, पण २१ दिवसांत तुम्ही कोर्टाचा आदेश आणला नाहीत तर तो परत दिसू शकतो. कोर्टात जायचंच झालं तर दावा तुमच्या राहत्या जिल्ह्यात लावता येतो, त्याच्या गावी खेटे घालायला नकोत.

पुराव्याचं माझ्यावरून सांगतो. एका कॅलेंडरवाल्याने माझा वारीतला फोटो न विचारता छापला आणि वर 'हा आमच्याच माणसाचा' म्हणाला. मी वाद घातला नाही. त्याच रोलची निगेटिव्हची पट्टी टेबलावर ठेवली: आधीच्या फ्रेममध्ये तीच तुळसवाली बाई डोळे मिटून, नंतरच्यात पाठमोरी. पंधरा मिनिटांत चेक मिळाला. तुमच्याकडे रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातली मूळ फाइल, असेलच, पण एकटीवर भागवू नका. त्या सकाळच्या आधीच्या-नंतरच्या सगळ्या फ्रेम, फसलेल्यासुद्धा, जपून ठेवा, आणि ते कार्ड अजून फॉरमॅट केलं नसेल तर तूर्त करू नका.