ॲव्होकाडो दरवेळी कच्चा तरी निघतो, नाहीतर आतून काळा. वाया न घालवता तो घ्यायचा, ठेवायचा आणि वापरायचा कसा?

तुम्ही लिहिलंय की दीडशे-दोनशे रुपयांचा एक ॲव्होकाडो आणता, आल्या आल्या फ्रीजमध्ये टाकता, आठवड्याने कापता तेव्हा तो दगड तरी असतो नाहीतर आतून राखाडी. आत्ताही दोन तसेच पडून आहेत म्हणता. त्या दोघांचं काय करायचं ते शेवटी सांगते. आधी फ्रीजचं बोलू, कारण तुमचे निम्मे पैसे तिथेच जातायत.

मी आठ वर्षं बंगळुरात होते. तिकडे गाड्यावर याला कुणी ॲव्होकाडो म्हणत नाही, बटर फ्रूट म्हणतात. पहिल्या वर्षी मी अगदी तुमच्यासारखंच केलं. स्वस्त मिळाले म्हणून सहा उचलले, सगळे हिरवेगार आणि कडक, आणि काकडी-भोपळ्याबरोबर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवून दिले. बारा दिवसांनी एक काढून ओट्यावर ठेवला. तो मऊ झाला, पण एकाच अंगाने. कापला तर गर राखाडी, मधून काळे दोरे गेलेले, आणि चवीला रबर. बाकीच्या पाचांची कथा वेगळी नव्हती. तेव्हा मी फळवाल्याला शिव्या घातल्या. त्याची काही चूक नव्हती.

हे फळ झाडावर पिकतच नाही. आंबा निदान झाडावर पाडाला लागतो. हा झाडावर महिनोन्‌महिने लटकला तरी कडकच राहतो आणि तोडल्यावरच पिकायला लागतो. पिकताना तो इथिलीन वायू सोडतो आणि त्या वायूनेच पुढे आणखी पिकतो. आपल्या अढीत नेमकं हेच होतं. कच्च्या फळाला थंडी लागली की ही सगळी यंत्रणा बिघडते. घरातला फ्रीज साधारण ४ अंशांवर असतो. कच्च्या ॲव्होकाडोला एवढ्या थंडीत बरेच दिवस ठेवलं की आतून इजा होऊ शकते आणि मग बाहेर काढला तरी तो नीट पिकत नाही, सडतो. पिकलेल्याला मात्र तीच थंडी चालते. म्हणून कडक फळ बाहेर, मऊ झालेलं फ्रीजमध्ये. आंब्याची पेटी आणल्यावर आपण कच्चे हापूस फ्रीजमध्ये टाकतो का? नाही ना. मग याला परदेशी पाहुण्यासारखं वागवायचं काही कारण नाही.

आता घेताना. जयनगरच्या मार्केटात एक बाई बसायच्या. पाटीत हात घालण्याआधी विचारायच्या, ‘इवत्ता, नाळेना?’ म्हणजे आज खायचाय की उद्या. आपल्याकडे आंबेवाले विचारतात तेच. ‘नाळे’ म्हटलं की त्या पाटीतून एक उचलायच्या, तळहातावर ठेवून सगळ्या बोटांनी हलकेच कवेत घ्यायच्या आणि मान हलवून परत ठेवायच्या. तिसरा की चौथा माझ्या पिशवीत यायचा. अंगठ्याने दाबणाऱ्या गिऱ्हाइकावर मात्र डाफरायच्या, आणि बरोबरच होतं ते. अंगठा दाबला तिथे आत काळा डाग पडतो, आणि तो डाग तुमच्या-माझ्यासारखा पुढचा माणूस दोनशे रुपये देऊन घरी नेतो.

तर फळ तळहातावर घ्या. अजिबात दबत नसेल तर घरी तीन ते सहा दिवस लागतील. लोणी फ्रीजबाहेर काढून दहा मिनिटं झाल्यावर जसं लागतं तसं लागलं तर आज-उद्या खायचा. साल आणि गर यांच्यात पोकळी लागली, बोट आत गेलं, की पाटीत परत ठेवा, घेऊ नका. देठाची टिकली काढून खाली हिरवं दिसतं का ते बघायची युक्ती तुम्ही व्हिडिओत पाहिली असेल. ती चुकीची नाही, पण दुकानात करू नका. टिकली निघाली की तिथून हवा शिरते आणि ते फळ देठाकडून काळं पडायला लागतं. घरी, स्वतःच्या फळावर, कापण्याच्या दिवशी खुशाल करा.

रंगावर जाऊ नका, किंवा कुठली जात आहे ते कळल्यावरच जा. सुपरमार्केटमध्ये जाळीच्या टोपीत मिळतो तो बहुतेक वेळा हास जातीचा, परदेशातून आलेला, खडबडीत सालीचा. कॅलिफोर्नियातल्या रुडॉल्फ हास नावाच्या टपालखात्यातल्या माणसाच्या परसात विसाच्या दशकात बीपासून उगवलेल्या एका झाडाची ही सगळी कलमं. त्याने १९३५ साली पेटंट घेतलं. हा पिकताना हिरव्याचा जांभळट काळा होतो. आमच्या सासूबाईंनी असा नेमका तयार झालेला एक ‘सडला गं’ म्हणून ओल्या कचऱ्यात टाकला होता. उलट कोडगू, वायनाड, निलगिरी, कोडाईकनाल इकडून येणारे बरेचसे मोठे, गुळगुळीत सालीचे आणि पिकले तरी हिरवेच राहणारे. ते काळे व्हायची वाट बघत बसलात तर पिकून, उतरून, पाणी सुटेपर्यंत बसाल. यातले काही पिकले की हलवल्यावर आत बी खुळखुळते. देशी फळाचं एक आहे: गर थोडा पाणचट आणि तेलाला कमी, बीही दांडगी. पावावर जाड थर लावायला हास बरा, ज्यूसला आणि कणकेत घालायला देशी, आणि देशी बहुतेक वेळा स्वस्त पडतो. पावसाळ्याच्या आसपास तो भरपूर येतो तेव्हा मी हासकडे बघतही नाही.

आणि किती घ्यायचे? आठवड्याला तीन खाणार असाल तर तीन एकसारखे कडक घेऊ नका, ते तिन्ही एकाच मंगळवारी पिकतात. एक आजचा, एक परवाचा, एक दगड. ‘चारावर एक फुकट’ ही ऑफर फक्त घरी पाहुणे असतील तेव्हाची. सालीचं आणि बीचं वजनही धरा: दोनशे ग्रॅमच्या हासमधून गर एकशेतीस-चाळीस ग्रॅमच हाती येतो.

घरी आणल्यावर वर्तमानपत्रात सैल गुंडाळून टोपलीत ठेवायचा. घाई असेल तर त्याच कागदात एक पिकलेलं केळं. तांदळाच्या डब्यात खुपसलात तरी चालतं, आमच्याकडे सीताफळं तशीच पिकतात. फक्त रोज हात घालून बघा, नाहीतर विसरता आणि मग तांदळाला वास येतो. प्लॅस्टिकची बंद पिशवी नको, घाम सुटून बुरशी धरते. मायक्रोवेव्हमध्ये तीस सेकंद फिरवून ‘पिकवायचा’ प्रकार करू नका. मऊ होतो, पिकत नाही. उकडलेल्या दुधीसारखी चव लागते.

एप्रिल-मेची गोष्ट वेगळी. या फळाला पिकायला वीस-बावीस अंश लागतात. तीसच्या वर गेलं की एका बाजूने सडतं आणि दुसऱ्या बाजूने कडक राहतं. पुण्यात उन्हाळ्यात माझा ओटा दुपारी तापलेला असतो, म्हणून त्या दोन महिन्यांत मी कडक घेतच नाही. तयार घेते, त्याच दिवशी फ्रीजमध्ये टाकते आणि तीन दिवसांत संपवते. विदर्भात राहत असाल तर हा नियम मार्चपासूनच लावा.

मऊ झालेला अख्खा ॲव्होकाडो फ्रीजमध्ये तीन-चार दिवस सहज राहतो, कधी पाच. तुम्हाला आत्तापर्यंत तो फ्रीजमध्ये बिघडलेलाच दिसलाय, म्हणून पटणार नाही, पण एकदा करून बघा.

कापायच्या आधी धुवा. साल फेकायचीच तर धुवायची कशाला, असं मलाही वाटायचं. पण सुरी सालीतूनच आत जाते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सालींचे नमुने तपासले तेव्हा साधारण सहापैकी एका सालीवर लिस्टेरिया नावाचे जंतू सापडले होते. याच कारणाने अख्खा किंवा कापलेला ॲव्होकाडो पाण्यात बुडवून फ्रीजमध्ये ठेवायचा जो प्रकार २०२२ मध्ये मोबाइलवर फिरत होता, तो करू नका असं त्याच खात्याने सांगितलं. आपला हात सवयीने तिकडे जातो, कारण वांगी-बटाटे चिरून आपण पाण्यातच टाकतो. ते पुढे शिजतात, हा कच्चा खायचा असतो.

विळीवर घेऊ नका, पिकलेलं फळ हातातून निसटतं. पाटावर आडवं ठेवून सुरीने उभा काप बीभोवती फिरवा, दोन्ही हातांनी उलटसुलट पिळा, दोन वाट्या होतात. बी चमच्याने काढा. सुरीचा घाव बीत घालून ती उपटायचं कौतुक हॉटेलातल्या आचाऱ्यांना करू दे. तळहात कापून घेणारे इतके असतात की इंग्रजीत त्या जखमेला वेगळं नावच पडलंय. मग चमच्याने गर खरवडण्याऐवजी वाटीचे आणखी दोन भाग करा आणि साल केळ्यासारखी सोला. सालीलगतचा गडद हिरवा थर खरवडताना सालीलाच राहतो, आणि सगळ्यात पौष्टिक तोच.

अर्धा उरला तर बी असलेला भाग ठेवतात. बी ठेवल्याने तो हिरवा राहतो ही समजूत अर्धीच खरी, बीखालची जागा तेवढी हिरवी राहते, कारण तिथे हवा लागत नाही. गर काळा पडतो तो हवेने. सफरचंद, वांगं काळं पडतं तसाच. म्हणून कापलेल्या तोंडाला लिंबू चोळा आणि हवा अडवा. मी स्टीलच्या सपाट ताटलीला लिंबू लावते, अर्धुक त्यावर पालथं दाबून ठेवते आणि वर घट्ट डबा झाकते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ठीक असतं. वर तपकिरी साय धरलीच तर सुरीने पातळ खरवडली की खाली हिरवाच असतो; तेवढ्यासाठी अख्खं फळ टाकू नका. कांद्याबरोबर डब्यात ठेवायचा उपायही चालतो, पण मग त्याचा मिल्कशेक करायचा विचार सोडा.

टाकायचा कधी? नाकाला विचारा. जुन्या खोबऱ्यासारखा खवट वास आला, बुरशी दिसली किंवा आंबूस लागला, तर गेला. नुसते चार तपकिरी दोरे किंवा एखादा डाग असेल तर तेवढं काढून बाकीचा खावा. एक सांगायचं राहिलं: साली, बी किंवा उरलेला गर गाईला, शेळीला, सशाला किंवा पिंजऱ्यातल्या पोपटाला घालू नका. त्यात पर्सिन नावाचं द्रव्य असतं, माणसाला त्याचं काही होत नाही, पण पक्षी त्याने मरतात आणि गुरांनाही बाधतं. आमच्या सोसायटीत भाजीचे देठ गाईसाठी वेगळे ठेवतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

वापराचं. पावावर लावायचं तुम्हाला माहीतच असणार, ते सोडते. तयार, घट्ट फळाची मी कोशिंबीर करते: बारीक कांदा, मिरची, कोथिंबीर, मीठ, लिंबू. मेक्सिकोचं ग्वाकामोले याहून फार लांबचं नाही. त्यात दही घालून मोहरी-हिंगाची फोडणी गार करून घातली तर भाताबरोबरही जातं. फोडणी गार करूनच, कारण हा गर फार तापला की कडू होतो. भाजीत, रश्शात उकळायला तर अजिबात घालू नका. मी एकदा आमटी दाट करायला घातला होता, ती आमटी कुणी खाल्ली नाही.

जरा जास्तच मऊ झालेला असेल तर तो मोहनाच्या जागी जातो. दोन वाट्या कणकेला अर्ध्या फळाचा कुस्करलेला गर, ओवा, मिरची-लसणाचा ठेचा, मीठ, लिंबाचे चार थेंब. पाणी आधी घालू नका, गरातच बरीच कणीक भिजते, लागेल तसं शिंपडा. लगेच लाटा, कणीक ठेवली तर काळपट होते. पराठे दुसऱ्या दिवशी डब्यातही मऊ राहतात, आणि तव्यावर दोन-तीन मिनिटांचंच काम असल्याने कडू लागत नाहीत. थालीपिठाच्या भाजणीतही हेच. माझा मुलगा ‘हिरवं थालीपीठ’ पालकाचं समजून वर्षभर खात होता.

आणि उद्या गावाला जायचंय आणि दोन पिकलेत, अशी वेळ आली तर गर काढा, एका फळाला चमचाभर लिंबाचा रस घालून घोटा आणि बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून पिशवीत भरा. तीन-चार महिने राहतो. फोडी राहत नाहीत, म्हणून कोशिंबिरीला उपयोग नाही. पण तीन-चार खडे, दूध, साखर मिक्सरमधून काढलं की बंगळुरी गाड्यावरचं बटर फ्रूट ज्यूस झालं. तिकडे साखर सढळ हाताने घालतात, तब्येतीच्या नावाखाली कंजूषी करू नका.

तब्येतीवरून आठवलं. तुम्ही हे केवळ ‘चांगल्या फॅट’साठी आणत असाल आणि चव फारशी आवडत नसेल, तर मूठभर शेंगदाणे खा आणि दोनशे रुपये वाचवा. शंभर ग्रॅम गरात साधारण पंधरा ग्रॅम तेल आणि १६० कॅलरी असतात. चांगलं फळ आहे, अमृत नाही. मला आवडतो म्हणून मी आणते.

आता तुमच्या फ्रीजमधले दोन. आज रात्रीच बाहेर काढा, पुसून कोरडे करा, एका केळ्याबरोबर कागदात गुंडाळा आणि परवा सकाळी तळहातावर घेऊन बघा. सगळीकडून सारखे दबले तर वाचले, त्याच दिवशी कापा. एका अंगाने मऊ आणि दुसऱ्या अंगाने कडक असेल तरीही कापून बघा: गर पिवळट हिरवा असेल तेवढा पराठ्याला घ्या, राखाडी आणि दोऱ्यांचा भाग खतात. सहा दिवसांनीही दगडच राहिला तर मात्र वाट बघू नका, तो गेलाय. आणि या वेळी नवे आणाल तेव्हा फळवाल्याला आधीच सांगा, आज खायचाय की परवा.